उणे पापड, शिल्लक बिबड्या

लताबाईंच्या उडीद पापडांच्या पाकिटावरचे लेबल बन्सीलालने अलगद सोलून काढले आणि गल्ल्याच्या उजव्या काठावर पारदर्शक चिकटपट्टीखाली बसवले, तेव्हा त्याच्या मनात पाप नव्हते. हे वाक्य त्याने पुढे स्वतःला अनेकदा ऐकवले. वाक्य खरे होते, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

धुळ्याच्या पांझरातीर सहकारी ग्राहक भांडारात सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत संगणक आला. त्याच्यासोबत रेघा वाचणारे एक हातयंत्रही आले. नवी वस्तू आली की तिची पूजा करावी आणि मग तिच्याकडून काही शिकू नये, ही आपली सनातन रीत. तिला अनुसरून अध्यक्षांनी नारळ फोडला आणि यंत्राच्या काचेला ठसठशीत कुंकू लावले. काच पुसेपर्यंत यंत्राने एकाही वस्तूला ओळख दिली नाही. टाळ्या मात्र आधीच वाजून गेल्या होत्या.

बन्सीलाल बी. कॉम. होता आणि संगणकाचा सहा महिन्यांचा वर्ग केलेला होता, म्हणून गल्ल्यावर त्याची नेमणूक झाली. रांगेतल्या बायका कुतूहलाने विचारत आणि तो हौसेने सांगे. तांबडा उजेड रेघांवरून फिरतो. काळी रेघ उजेड गिळते, पांढरी फट तो परत पाठवते. रेघ किती जाड, फट किती रुंद, यावरून यंत्र आकडे जुळवते. शेवटचा आकडा राखणदाराचा: आधीच्या सगळ्यांशी त्याचे गणित जमले नाही, तर यंत्र चुकीचे काही बोलण्याऐवजी गप्प राहते. आणि रेघांत किंमत नसते. असतो फक्त आकडा, म्हणजे वस्तूची ओळख. किंमत संगणकाच्या पोटात. आकडा कळला की संगणक किंमत काढून देतो आणि त्याच वस्तूच्या साठ्यातून एक नग वजा करतो.

शेवटचे वाक्य तो घाईत म्हणे. बायकांना त्यात रस नसे. खरे तर त्यालाही नव्हता.

झुंबरबाईला भांडारात आणले ते त्यानेच. पारोळा रस्त्यावरच्या त्याच्या गावात तिच्या ज्वारीच्या बिबड्या प्रसिद्ध होत्या, असे लिहिले तर ते खोटे होईल. त्या प्रसिद्ध होऊ शकत नव्हत्या. बौद्ध वस्तीतल्या बाईच्या हातचे वाळवण गावाने विकत घ्यायचे नसते, हा नियम कोठे लिहिलेला नव्हता, आणि न लिहिलेल्या नियमाविरुद्ध अर्ज तरी कोणाकडे करणार? बन्सीलालने त्या बिबड्या चोरून खाल्ल्या होत्या. तिचा मुलगा वना कॉलेजात त्याच्या वर्गात होता आणि मधल्या सुट्टीत डबा उघडला की भाजलेल्या तिळाचा आणि लसणाचा वास दोन बाकांपलीकडे जाई. वना आता सुरतेला होता. वास बन्सीलालच्या लक्षात होता.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी तो तिला एस. टी. स्टँडवर भेटला.

"अक्का, तुन्या बिबड्या भांडारमां ठेव. पाकिटवर नाव नही, नुसता आकडा ऱ्हास."

"नाव नही?"

"यंत्रले नाव लागत नही. जात त्याले कळत नही. त्याले रेघा दिसतस, बस."

झुंबरबाईने पदर खोचला आणि त्याच्याकडे नीट पाहिले. "म्हंजे इतला शिकेल मानूसपेक्षा तुनं यंत्र शहानं शे. दखूत मंग."

बिबड्या आल्या. दुकानाच्या घरगुती मालासाठी राखलेल्या आकड्यांपैकी एक त्यांना मिळाला, तसाच तो लताबाईंच्या उडीद पापडांनाही मिळाला होता. लताबाई अध्यक्षांच्या मेहुणी. दोन्ही पाकिटांचे वजन एक, किंमतही एक. फरक होता तो आकारात. पापड म्हणजे एकावर एक रचलेल्या सपाट चकत्या. पाकीट विटेसारखे घट्ट आणि लेबल ताणून बसलेले. बिबडी ओल्या धोतरावर हाताने थापलेली, उन्हात वाळताना कडांनी वळलेली, एक दुसरीसारखी नाही. पाकीट फुगे, लेबलाला सुरकुत्या पडत, रेघा वाकत. यंत्र तीनदा फिरवले तरी गप्प. मग बन्सीलालने लांबलचक आकडा बोटांनी टंकायचा आणि रांगेने उसासे टाकायचे.

"बन्सीभाऊ, तुमनं यंत्र उपासले बशेल शे का?"

"फराळ करू द्या त्याले, मावशी."

"तठपावत आमनं जेवन निघी जाई."

आणि बिबड्या तर खपत होत्या. रोज, भराभर, एकेका पिशवीत दोन-दोन पाकिटे. त्यामुळे खोळंबाही रोजचाच झाला. एके दिवशी एका बाईने पापड आणि बिबड्या दोन्ही पुढे ठेवले आणि सहज म्हटले, "किंमत सारखीच ना? मग पापडावरच दोनदा मारा की." त्याने मारले. यंत्र दोनदा वाजले, बिल बरोबर आले, बाई गेली. दुसऱ्या दिवशी त्याने लेबल सोलून गल्ल्याच्या काठावर चिकटवले. बिबड्यांचे पाकीट आले की यंत्र पट्टीवरून फिरवायचे. तेवढेच.

बिल कधी चुकले नाही. एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही. हिशेब बरोबर आहे म्हणजे सर्व काही बरोबर आहे, असे मानणाऱ्या शास्त्रात त्याने पदवी घेतली होती. बायका म्हणू लागल्या, "बन्सीभाऊना हातमां वीज शे." अध्यक्षांच्या कानी ते गेले आणि जळगावची नवी शाखा दिवाळीत निघाली की तिथल्या गल्ल्यांचा प्रमुख बन्सीलालच, असे ठरले.

एक पाकीट तो घरीही घेऊन गेला होता. त्याच्या आईने, भागाबाईने, बिबडी तळली, मोडली, चाखली आणि डोळे मिटले. "कोन्या सुगरनन्या शेत रे?"

"दुकानन्या," तो म्हणाला.

तिने आणखी एक तळली.

श्रावणात साठ्याची मोजदाद झाली. संगणकाने छापलेला कागद व्यवस्थापक गिरधरनानांनी टेबलावर पसरला. गिरधरनाना भांडारातच म्हातारे झाले होते. यंत्रावर त्यांची श्रद्धा होती आणि यंत्र कळून घेण्याची त्यांना गरज वाटत नव्हती. श्रद्धेचे ते मुख्य लक्षणच आहे.

"हे काय, लताबाईंचे पापड उणे?" ते हसले. "आणले त्याहून जास्त विकले! आपल्याच कोणी आवक नोंदवली नसेल. त्यांचा माल नोंदीत भरून घ्या, त्या बिचाऱ्या बोलायच्या नाहीत." बोट खाली सरकले. "आणि या बिबड्या. विक्री जवळजवळ नाहीच. शिल्लक एवढी दाखवतंय, आणि फळी रिकामी. म्हणजे बाईने माल कमी दिला आणि पोच पुऱ्या मालाची नेली."

"नाना, माल तर तुम्ही स्वतः उतरवून घेतला होता," बन्सीलाल म्हणाला.

"विश्वासावर घेतला. विश्वासाचं हे फळ." मग आवाज उतरवून, जणू समजूतदारपणाने, "आणि खपल्या का नाहीत ते उघडच आहे. पाकिटावर नाव नसलं म्हणून अशी गोष्ट लपते का? लोकांना कळलं असेल."

एकाच कागदावर, एकाखाली एक, दोन चुका होत्या. एकीत जेवढे कमी, जवळपास तेवढेच दुसरीत जास्त. एक चूक लताबाईंच्या नावासमोर होती, म्हणून ती दुकानाची ठरली. दुसरी झुंबरबाईच्या नावासमोर होती, म्हणून ती झुंबरबाईची. शिवाय तिच्यावर आरोप दोन झाले: तिचा माल कोणी घेतला नाही, आणि तिने तो दिलाही नाही. कोणी घेतला नसेल तर जो काही दिला तो निदान फळीवर दिसायला हवा होता. तर्काची ही अडचण टेबलाभोवतीच्या कोणालाही भासली नाही.

बन्सीलालला सगळे तत्काळ कळले. कागद वाचून नव्हे. त्याचा उजवा हात आपोआप काठावरच्या पट्टीकडे गेला आणि त्या हातानेच त्याला सांगितले. तो काही बोलला नाही. यंत्र खात्री नसली की गप्प बसते. माणूस खात्री असली की बसतो.

चार दिवसांनी त्याने गिरधरनानांना एकट्याला गाठून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, आणि तेच भयंकर होते.

"आणखी कोणाला बोललास?"

"नाही."

"मग बोलूही नकोस. एका पट्टीने असं होतं म्हटल्यावर लोक म्हणतील, सगळ्याच मालाचं असंच झालं असेल. जळगावची शाखा अडेल. तुझीही. अध्यक्षांच्या घरातलं नाव त्यात ओढलं जाईल ते वेगळंच. बाई काय, दुसरीकडे विकतील." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ती पट्टी तेवढी काढून टाक."

त्याने पट्टी काढली. गोंद निघाला नाही. त्या जागेवर धूळ बसत गेली आणि आठवड्याभरात तेथे लेबलाएवढा एक काळा चौकोन तयार झाला. रॉकेलच्या बोळ्यानेही तो गेला नाही.

झुंबरबाई नवा माल घेऊन आली ती दुपारची वेळ होती. गिरधरनानांनी तिला गल्ल्यासमोर, रांगेदेखत उभे केले. माल घेणार नाही, मागचा माल कमी भरला, समितीने यादीतून नाव काढले. ती डोक्यावरची पाटी खाली न ठेवता ऐकत होती.

"कमी नही भरा मी," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, वेगळ्याच आवाजात, "आनि एक बी नही खपनं?"

"यंत्र खोटं बोलत नाही, बाई."

तिने बन्सीलालकडे पाहिले. बन्सीलालच्या हातात साबणाची वडी होती. त्याने ती यंत्राखालून फिरवली, यंत्र वाजले, आणि मान वर न करता त्याने पुढची वस्तू घेतली. तिच्या मागे रांगेत ज्या बायका होत्या, त्यांतल्या निम्म्यांच्या घरी तिच्या बिबड्या डब्यात होत्या. हे त्या खोलीत त्याला एकट्याला ठाऊक होते. तो बिल करत राहिला.

पोळ्यानंतर तो तिच्या घरी गेला. पंधरवडाभर गावाकडची बस त्याने समोरून जाऊ दिली होती. वस्तीकडे वळताना आपल्याला कोणी पाहत आहे का, हे पाहायला तो थांबला, आणि आपण थांबलो हेही त्याच्या लक्षात आले.

ती अंगणात मुगाच्या शेंगा निवडत बसली होती. बस म्हणाली नाही. तो उभ्यानेच बोलला: पट्टी, पापड, आकडा, सगळे. शेवटी म्हणाला, "अक्का, तुन्या बठ्ठ्या बिबड्या खपन्यात. लोके मांगी मांगी लेतस. मनीच चूक शे."

ती आनंदेल असे त्याला कोठेतरी वाटले होते. तिने शेंगांवरून हात उचलला.

"तुले कवयपशी ठावं शे?"

"सावनपशी."

"त्या दिन मी पाटी लिसनी उभी व्हतू, तवय ठावं व्हतं?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"माले काय वाटनं, सांगू? माले वाटनं, लोकेसले कळनं. माले वाटनं, शहरमां बी तेच शे, गावमां बी तेच शे, नाव पुशी टाका तरी वास येस. मी वाळवनना धोतर फाडीसनी पोछा करा." ती ओरडत नव्हती. "तुनी मायनी खाद्यात का?"

"खाद्यात."

"कोना हातन्या, हाई सांगं का तिले?"

कोंबडी अंगणातून आडवी गेली. बन्सीलाल तिच्याकडे पाहत राहिला, कारण कोठे तरी पाहणे भाग होते.

"मंग त्या यंत्रनं काय चुकनं?" झुंबरबाई म्हणाली. "आनि हाई माले आठे नको सांगू. जठे माले चोर सांगं, तठे सांग."

भांडाराची वार्षिक सभा शाळेच्या सभागृहात भरली. अहवाल वाचून झाला, नफा मंजूर झाला, संगणकाचे अभिनंदन झाले. अध्यक्षांनी "कोणाला काही विचारायचं आहे?" असे विचारले आणि उत्तराची वाट न पाहता चहाच्या दिशेने पाहिले. बन्सीलाल उभा राहिला. नोकर असला तरी भांडारात त्याचा एक शेअर होता, म्हणून तो सभासद होता. गिरधरनानांनी त्याला डोळ्यांनी खाली बसायला सांगितले.

"यंत्राने प्रत्येक वेळी खरंच सांगितलं," तो म्हणाला. "मी त्याला दरवेळी पापडांचा आकडा दाखवला, त्याने दरवेळी पापड मोजले. समोर बिबड्या होत्या. लेबल वाचलं जात नव्हतं, रांग थांबत होती, किंमत एकच होती. म्हणून लताबाईंचे पापड उणे झाले आणि बिबड्या कागदावर शिल्लक राहिल्या. माल पुरा आला होता. पुरा विकला गेला. हे मला श्रावणापासून माहीत आहे."

मागे कोणी हसले. अध्यक्ष म्हणाले, "हा तांत्रिक विषय आहे, समितीत घेऊ." एवढ्यावर ते संपलेही असते. पण तिसऱ्या रांगेतले एक निवृत्त मास्तर, ज्यांना खाण्यापिण्यात खरा रस होता, त्यांनी मान वळवून विचारले, "थांबा हो. त्या तीळ घातलेल्या बिबड्या? आमच्याकडे चार पाकिटं संपली. कोणाच्या होत्या त्या?"

"मन्या व्हत्यात," दाराकडून आवाज आला.

सभेचा दिवस बन्सीलालने झुंबरबाईला कळवला होता; ती सभासद नव्हती, म्हणून पायरीवर उभी होती. सभागृहातल्या बऱ्याच जणांनी तिला ओळखले नाही. ज्यांनी ओळखले, त्यांनी शेजाऱ्यांच्या कानात सांगितले. ते कुजबुजणे रांगेमागून रांग पुढे सरकले, आणि त्याच्या मागोमाग एक शांतता सरकत गेली, जीत प्रत्येक जण आपापल्या पोटाचा इतिहास आठवत होता. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "उत्तम होत्या," ते म्हणाले, पण जरा हळू.

इतिवृत्तात लिहिले गेले: 'तांत्रिक दोषामुळे साठ्यात तफावत आली; ती दुरुस्त करण्यात आली.' कोणाचा दोष, कोणावर आरोप, कोणाची माफी, यांपैकी काही नाही. जळगावला दुसऱ्याची नेमणूक झाली. झुंबरबाईचे येणे चुकते झाले आणि माल पुन्हा ठेवायला हरकत नाही, असे तिला कळवण्यात आले.

तिने अट घातली. लेबलावर, रेघांच्या खाली, तिचे पूर्ण नाव हवे, आडनावासकट, ठळक.

"नावाने काय होणार, बाई? उलट..." गिरधरनाना म्हणाले.

"उलट काय?"

लेबले छापली गेली.

त्या संध्याकाळी बन्सीलालने आईला सांगितले. डब्यात उरलेल्या बिबड्या तिने फेकल्या नाहीत, आणि तळल्याही नाहीत. डबा फळीवर तसाच आहे, आणि रोज जेवताना बन्सीलालला तो समोर दिसतो.

दिवाळीच्या आठवड्यात पहिली पाकिटे फळीवर लागली. गल्ल्यावरून ती फळी दिसे. एका बाईने पाकीट उचलले, ओळखीचे म्हणून हसली, मग उलटे करून वाचले. वाचायला लागतो त्याहून जास्त वेळ तिने वाचले. पाकीट होते तसे परत ठेवले, कडा शेजारच्या पाकिटाशी जुळवून, आणि ती साखरेकडे गेली. बन्सीलालने ते पाहिले. या वेळी शून्य लागले तर ते खरे शून्य असेल, आणि ते झुंबरबाईला सांगायला त्याच्यापाशी पट्टीचे निमित्तही नसेल. तिला त्याने अंगणात दिलेला दिलासा, 'लोके मांगी मांगी लेतस', हा नाव नसलेल्या पाकिटाबद्दलचा होता. तिने तो तेव्हाच ओळखला असावा.

दुपारी रांग लांबली. एका तरुण बाईने टोपलीतून पापडांचे एक पाकीट काढले, बिबड्यांचे एक काढले. पापड पहिल्याच फटक्यात वाजले. बिबड्यांचे लेबल सुरकुतलेले होते. त्याने यंत्र फिरवले. गप्प. पुन्हा फिरवले.

"भाऊ, किंमत एकच आहे ना?" बाई म्हणाली. "पापडावरच मारा अजून एकदा. गाडी सुटेल माझी."

मागून कोणी म्हणाले, "बन्सीभाऊना हातनी वीज गई वाटस."

"नाही, ताई," बन्सीलाल म्हणाला. "याचं यालाच."

त्याने पाकीट गल्ल्याच्या काठावर, त्या काळ्या चौकोनावरच आडवे ठेवले. आतल्या बिबड्या मोडणार नाहीत अशा बेताने दोन्ही अंगठ्यांनी लेबल मधून कडांकडे ताणत नेले. झुंबरबाईचे नाव आधी सपाट झाले, मग रेघा. त्याने पाकीट एका हाताने तसेच धरून ठेवले आणि दुसऱ्या हाताने यंत्र उचलले.